मुतखड्याचा नवस

"उजवा हात," निनाद दादा म्हणाला.

अश्लेषानं कटर खाली ठेवला, तळवा जीन्सला पुसला आणि पुढं केला. खाली डावा हात धरला, देवळात धरतात तसा. निनाद दादानं टाचण्यांच्या डबीतून एक पांढरी गोळी काढून तिच्या तळव्यावर ठेवली.

"प्रसाद आहे. नाही म्हणायचं नसतं," तो हसत म्हणाला.

प्रथमेशनं पाण्याची बाटली पुढं केली. अश्लेषानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि गोळी गिळून टाकली. दुपारची वेळ होती. स्टुडिओत फरशीवर फतकल मारून आम्ही चौघं पुठ्ठे कापत होतो. गोळी झोप उडवणारी होती. दुपारी घेतली की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत माणूस टक्क जागा.

डबी माझ्यापुढं आलीच नाही. "वैजूला सूट," म्हणत निनाद दादानं झाकण लावलं. मला लहानपणी फिट यायच्या. झोप मोडायची नाही आणि भलतीसलती गोळी घ्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. कॉलेजात आल्या आल्या मी हे सगळ्यांना सांगून मोकळी झाले होते, त्यात लाज कसली? घर कोल्हापुरातच, मंगळवार पेठेत. दिवेलागणीला वडील स्कूटर घेऊन गेटवर हजर, की मी गेले. मागं रात्रभर काय चालायचं ते मी कधी बघितलं नाही.

आर्किटेक्चर कॉलेजात एक रीत असते. पाचव्या वर्षाच्या पोरांचा थिसिस असतो, त्याची ड्रॉइंगं, मॉडेलं एकट्याच्यानं होत नाहीत. मग खालच्या वर्गातली पोरं त्यांच्या हाताखाली राबतात. सीनिअरनं तुम्हाला बोलावलं तर तुमची कॉलर ताठ. ज्याला कुणी बोलवत नाही तो कँटीनमध्ये तोंड लपवून बसतो. आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो आणि आम्हाला खुद्द निनाद सबनीसनं बोलावलेलं. कॉलेजात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. शिवाय माणूस लाख होता, खोटं कशाला बोलू? पोरींना हॉस्टेलच्या दारापर्यंत सोडायचा, स्वतःच्या डब्यातली पहिली चपाती ज्युनिअरच्या हातात द्यायचा. गोळी त्याला त्याच्या सीनिअरनं दिली होती. तिसऱ्या वर्षाचा प्रथमेश त्याच्याकडून शिकला होता. त्यात वाईट काही आहे असं कुणाला वाटतच नव्हतं.

अश्लेषा शेजाळ जतची. वडील तिथं प्राथमिक शाळेत गुरुजी. पहिल्या वर्षी वर्गात आली तेव्हा बेंचच्या टोकाला बसायची आणि कुणी पेन मागितला तर दोन द्यायची. आमच्या कोल्हापुरात पोरी "मी आलो, मी गेलो" असं बोलतात. वर्ष संपायच्या आत ती माझ्यापेक्षा पक्की "आलो-गेलो" बोलायला लागली होती. तिला आमच्यातली व्हायचं होतं, आणि कटर हातात घेतला की ती होतीच. टेकडीचे उतार दाखवायला पुठ्ठ्याचे थरावर थर कापावे लागतात. ते तिच्याइतकं सफाईनं कुणी कापत नसे.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली तेव्हा डोळे तारवटलेले, ओठ सुकलेले.

"काय गं, काय झालं?"

"छातीत धडधड थांबंना बघ. पडलो नुसता, छत बघत. आणि दात असे आवळलेत, जबडा दुखायलाय." तिनं हात पुढं केला. बोटं थरथरत होती. "वैजू, मला नको ती गोळी. मला भीती वाटतीय."

"मग नको म्हण."

"तेच करतो आज," ती म्हणाली.

त्या दिवशी मला घरी काम होतं म्हणून मी स्टुडिओत गेले नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं मला ओढतच कॉलेजच्या मागच्या भिंतीपाशी नेलं. भडंगाचा पुडा माझ्या हातात होता, निम्मं खाली सांडलं.

"म्हटलं. नको म्हटलं," ती म्हणाली.

"मग? ओरडला?"

"कसला ओरडतोय! म्हणाला, बरं बाई, जबरदस्ती नाही. आणि मग कुणी माझ्याकडं काही दिलंच नाही गं. मी बसलो आपला. प्रथमेश माझा कटर घेऊन कापायला लागला. ते दोघं कशावर तरी हसत होते, मी विचारलं काय झालं, तर म्हणाले काही नाही. नंतर दादा म्हणाला, तू दमलेली दिसतीस, हॉस्टेलवर जा, झोप. इतक्या प्रेमानं हाकललं मला." तिचे डोळे भरले. "तुझं बरं आहे. तुला फिट येतात."

"मारीन हं एक! बरं काय आहे त्यात?"

"तसं नाही गं. म्हणजे, मला पण काहीतरी येत असतं तर..." ती थांबली. डोळे पुसून माझ्याकडं बघायला लागली. "वैजू, मला कुठला आजार शोभेल?"

आता सांगताना हसू येतं, पण आम्ही दोघी खरोखर त्या भिंतीला टेकून तिच्यासाठी आजार निवडायला बसलो. दमा म्हणावा तर ती तीन मजले पळत चढायची, सगळ्यांनी बघितलेलं. शुगर म्हणावी तर वाढदिवसाचा केक बंद. हृदयाचं काही म्हणावं तर हातात पुठ्ठा पण देणार नाहीत. शेवटी तिलाच सुचलं.

"माझ्या आत्यानं भात सोडलाय. नवऱ्याचा कोर्टातला निकाल लागेपर्यंत खाणार नाही, असं बोललीय देवाला. लग्नात सुद्धा तिला कुणी भाताचा आग्रह करत नाही. उलट पाया पडतात."

"म्हणजे?"

"म्हणजे मी पण सोडलं म्हणतो. नवस बोललोय जोतिबाला. बाबांच्यासाठी."

"बाबांना काय झालंय?"

तिनं विचार केला. "हार्टचं नको बाई. खरंच काही झालं तर? मुतखडा चालेल. मुतखड्यानं कुणी मरत नाही."

मी पोट धरून हसले. ती मात्र गंभीर होती. संध्याकाळी माझ्यासमोरच तिनं स्टुडिओत सांगून टाकलं: बाबांना खडा झालाय, तो निघेपर्यंत गोळी नाही. आणि खरं वाटावं म्हणून पदरचं घातलं, चहा पण नाही. चहावर तिचा जीव. मी तिला कोपरानं ढोसलं, पण बोलून गेली होती.

काय जादू झाली म्हणून सांगू! निनाद दादानं डबी खिशात टाकली. "आधी बोलायचं नाहीस का? देवाचं असलं तर विषयच संपला." प्रथमेश चहा घेऊन आला तर त्याच्यावर हा खेकसला, "अरे, तिच्यासमोर नको पिऊ, बाहेर जा." तिचा कटर तिच्या हातात आला. उताराचे सगळे थर तिच्याकडं आले. ती संध्याकाळपर्यंत कापायची, हॉस्टेलवर जाऊन घोरत पडायची आणि सकाळी ताजीतवानी यायची. त्या तिघांत तीच एकटी सरळ रेघ मारत होती असं म्हटलं तरी चालेल. निनाद दादाचे डोळे खोल गेले होते. प्रथमेश एकच गोष्ट दहादा सांगायचा. आमची अश्लेषा मात्र गुणगुणत काम करायची. तेवढे दिवस ती फार सुखात होती. मला बघून बरं वाटायचं.

फक्त रोज विचारपूस व्हायची. "काकांचा खडा काय म्हणतोय?" मग तिला काहीतरी सांगावं लागायचं. आज दुखलं, आज कमी आहे, आज बार्लीचं पाणी दिलं. मला विचारायची, "खडा सरकतो का गं?" मी म्हणायची, "मला काय माहीत, सरकव."

सबमिशन जवळ आलं तसा निनाद दादाचा जीव खालीवर व्हायला लागला. अश्लेषा रात्री थांबली असती तर मॉडेल वेळेत झालं असतं. एके दिवशी तो आला तोच खूश होऊन.

"अश्लेषा, काम झालं. माझे मामा किडनीचे डॉक्टर आहेत, राजारामपुरीत. बोललोय त्यांच्याशी. काकांना परवा घेऊन ये. एक रुपया घेणार नाहीत."

अश्लेषाच्या हातातला कटर थांबला.

"जतहून कशाला इतक्या लांब..." ती पुटपुटली.

"गाडी पाठवतो ना मी! तू काळजी सोड."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "दादा, अरे, सांगायचंच राहिलं. निघाला. काल आपोआप निघाला."

प्रथमेशनं अशी आरोळी ठोकली की शेजारच्या स्टुडिओतली पोरं डोकावली. निनाद दादाचा चेहरा खरंच उजळला. मी त्याला नावं ठेवणार नाही, त्याला मनापासून आनंद झाला होता. "मग वाट कसली बघायची?" तो म्हणाला. "रविवारी जोतिबा. नवस बोललीस तर फेडायला नको? लटकता ठेवू नये बघ, देवाचं आहे."

"मी घरी गेल्यावर फेडीन की."

"एकटी? आम्ही कुठं मेलोय का?"

रविवारी सकाळी दोन गाड्यांवरून आम्ही डोंगरावर गेलो. सबमिशन तोंडावर असताना त्यांनी अख्खी सकाळ तिच्यासाठी मोकळी केली होती. नारळ, खोबरं, गुलाल, सगळं प्रथमेशनं आणलं होतं. रांगेत उभं असताना त्यानं "चांगभलं" म्हणून असा गुलाल उधळला की आम्ही चौघं गुलाबी होऊन गेलो. गाभाऱ्यासमोर निनाद दादानं डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाला, "देवा, काकांना बरं केलंस, असंच सांभाळ." अश्लेषानं हात जोडले होते. तिनं ओठ आवळून डोळे बारीक केले होते. लहान असताना इंजेक्शन घ्यायच्या आधी पोरं असं तोंड करतात.

दर्शन झाल्यावर पायऱ्यांपाशी चहाच्या टपरीवर बसलो. निनाद दादानं पहिला कप तिच्या हातात दिला. "घे. सोडवलं तुला." तिनं दोन्ही हातांनी कप धरून घोट घेतला आणि तिच्या तोंडून "आई गं" निघालं, इतक्या दिवसांनी चहा. सगळे हसले. ती पण हसली.

मग निनाद दादानं खिशातून टाचण्यांची डबी काढली.

"आता पूर्ण मोकळी झालीस," तो म्हणाला. "आज बसलो की मॉडेल हाणून टाकू. उजवा हात."

अश्लेषा हातातल्या कपाकडं बघत राहिली. मला राहवलं नाही. माझा स्वभाव असा आहे की तोंडात आलेलं गिळता येत नाही, आणि ते गिळायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही.

"दादा, तिला नकोय ते," मी म्हणाले. "नवसबिवस काही नाही. काकांना खडाबिडा काही नाही. तिला नुसतं नकोय."

प्रथमेशनं कप खाली ठेवला.

"म्हणजे काय?" प्रथमेश म्हणाला. गुलालानं भरलेलं त्याचं तोंड उघडंच राहिलं. "काका आजारी नव्हतेच?"

निनाद दादा काही रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो तिच्याकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "खरं का? मी आत्ता देवासमोर काय मागितलं मग? अगं, नको असेल तर नको म्हण. तुला कधी जबरदस्ती केली का आम्ही?"

अश्लेषा लालेलाल झाली. एकदा त्याच्याकडं, एकदा प्रथमेशकडं बघितलं तिनं. मग ती हसली. तसलं हसणं मी तिच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं.

"ही काहीही बोलतीय दादा. मस्करी करायची सवय आहे हिला. असला बाबांच्या जिवाचा खोटेपणा करीन का मी?" आणि तिनं उजवा हात पुढं केला.

चहाबरोबरच गिळली तिनं ती. प्रथमेशनं तिच्या पाठीवर थाप मारली. "वैजू, लई वाईट मस्करी गं तुझी," तो मला म्हणाला. अश्लेषा उठून उभी राहिली तशी मी तिच्या मागनं गेले. पायऱ्यांवर ती गर्रकन वळली.

"कुणी सांगितलं होतं तुला बोलायला?"

"तुला नको होतं ना?"

"हो! नको होतं! पण तुझं काय जातंय? तुला फिट येतात. तू नको म्हटलंस की तुला सूट मिळते, वर काळजी घेतात. मला काय येतं? मला नुसतं नको होतं. नुसतं नको असून कुठं चालतं?"

ती तशीच जाऊन निनाद दादाच्या गाडीवर बसली आणि आम्ही परत आलो.

मॉडेल वेळेत झालं. निनाद दादा कॉलेजात पहिला आला आणि त्यानं तिला मिठाईचा पुडा दिला. पुढच्या वर्षी सबमिशनं आमची होती. अश्लेषा आधी फक्त सबमिशनच्या आठवड्यात गोळी घ्यायची, मग परीक्षेत, मग सोमवारी सकाळी उठवत नाही म्हणून. चौथ्या वर्षी पहिल्या सहामाहीत तिनं वर्गात येणं सोडलं. कटर धरायची तर हात स्थिर राहायचा नाही. कोपऱ्यातून कुणी आपल्याबद्दल बोलतंय असं तिला वाटायचं. माझ्याशी भांडण केव्हाच मिटलं होतं. मी तिच्या खोलीवर जायची, ती पडलेली असायची. मीच वॉर्डनबाईंना सांगितलं, घरी फोन करा म्हणून. जीव टांगणीला लावत नाही, आत्ताच सांगते: अश्लेषा आज ठणठणीत आहे. सांगलीत घरांची डिझाइनं करते, तिला पोरगी आहे. मधली दोन-तीन वर्षं मात्र गेली.

मला सांगायचंय ते वडील न्यायला आले त्या दिवसाचं.

शेजाळ गुरुजी हॉस्टेलच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. पांढरा पायजमा, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी. अश्लेषा वर सामान भरत होती. मी त्यांच्याजवळ थांबले होते. वॉर्डनबाईंनी त्यांना नुसतं "तब्येत बरी नाही" एवढंच सांगितलं होतं. तेवढ्यात प्रथमेश आला. तो आता पाचव्या वर्षाला होता, त्याचा स्वतःचा थिसिस चालू होता. अश्लेषा जाणार म्हणून कळल्यावर धावत आलेला. त्यानं वाकून गुरुजींच्या पायाला हात लावला.

"काका, तब्येत कशी आहे आता? खडा परत नाही ना झाला?"

"कसला खडा बाळ?" गुरुजी म्हणाले.

"मुतखडा. दोन वर्षांपूर्वी झालता की तुम्हाला. आम्ही नवस फेडायला गेलो होतो, जोतिबाला."

"मला? मला कधी नाही झाला."

प्रथमेश तसाच वाकलेला राहिला. मग त्यानं सावकाश मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "येतो काका," एवढं कसंबसं म्हणाला आणि गेला. नंतर कळलं, त्यानं आपल्या ज्युनिअर पोरांना डबी दाखवणं त्या दिवसापासून बंद केलं. चला, तेवढं तरी झालं.

"काय म्हणत होता तो मुलगा?" गुरुजींनी मला विचारलं.

मी सगळं सांगितलं. पहिल्या गोळीपासून डोंगरापर्यंत, काही लपवलं नाही. मला वाटलं ते चिडतील, नाहीतर रडतील. ते पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत ऐकत राहिले.

"नको म्हणायला तिनं मला आजारी पाडलं?" ते म्हणाले.

"हो काका."

त्यांनी बंद बोटावरून सोडवला, परत गुंडाळला. "आमच्या घरी तिनं कधी कुणाला नाही म्हटलं नाही," मग म्हणाले. "पाहुणे म्हणाले गाणं म्हण, की म्हणायची. पोट भरलेलं असलं तरी कुणी वाढायला आलं की ताट पुढं करायची. सगळे म्हणायचे, गुरुजी, पोरीला वळण चांगलं लावलंय. मला किती बरं वाटायचं."

अश्लेषा जिन्यावरून उतरली. किती वाळली होती! गुरुजींनी उठून तिच्या हातातली बॅग घेतली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"स्टँडवर गरम भजी मिळतात. खाऊन घेऊ, मग बसू गाडीत."

"नको बाबा," ती म्हणाली.

"अगं, थोडं तरी खा. सकाळपासनं..." आणि गुरुजी मध्येच थांबले. बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"बरं," ते म्हणाले. "नको तर नको."